समोरची रांग

१

दर बुधवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही चर्चमध्ये गातो. ऐकायला पहिल्या बाकावर चार माणसं असतात, त्यातली दोन डुलक्या काढतात. पाळकसाहेब नवीन आले तेव्हा म्हणाले होते, "ताई, एवढ्याशा लोकांसाठी एवढा थाट?" मी म्हटलं, "थाट लोकांसाठी कधी होता?" पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

गायकवृंदाची प्रमुख मी, चाळीस वर्षं. कुठल्या शाळेत संगीत शिकले नाही. वीज यायच्या आधी ऑर्गनला वारा माणसाने द्यावा लागे. ते भात्याचं काम माझ्या बापाचं. त्याच्या पायाशी बसून मी स्वर वाचायला शिकले. मधल्या काळात प्रमाणपत्रं घेऊन तिघं आले आणि गेले. एकाला सूर धरता येत नव्हता, दुसऱ्याला तोंड. तिसऱ्याला माझ्याशी बोलायची पद्धत माहीत नव्हती.

आमचं गाणं कसं असतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ऑर्गन सुरुवातीला आणि शेवटी. स्तोत्र मात्र नुसत्या गळ्यांचं. पांढरे झगे घालून दोन रांगा आमनेसामने उभ्या राहतात. मध्ये चार पावलांची मोकळी फरशी, तिथे कुणी उभं राहत नाही. पहिली ओळ माझी रांग गाते, दुसरी समोरची, तिसरी पुन्हा आम्ही. प्रत्येक ओळीच्या मध्यावर थांबायचं. मनात चार मोजायचे. आवाज छतापर्यंत चढतो, दगडाला लागून परत येतो आणि विरतो. रंगीत काचांतून तांबडा-निळा उजेड फरशीवर पडलेला असतो, मेणबत्त्या सरळ जळत असतात, आणि ते चार आकडे संपेपर्यंत जगात काही वाकडं आहे असं वाटत नाही. मग सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा, खांदे न उचलता, पोटातून, आणि ओळीचा दुसरा अर्धा भाग गायचा.

तेव्हा आम्ही पाच जण होतो. माझ्या रांगेत मी आणि सुतार. सुताराचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, म्हणून सगळे त्याला खर्जच म्हणतात. समोरच्या रांगेत माझी धाकटी बहीण, तिचा नवरा आणि टपालवाली. धाकटीला मी वाढवलं. आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती. तिचा आवाज वर जातो तेव्हा पाण्यावरून ऊन सरकावं तसा जातो. आणि तिच्या नवऱ्याचा आवाज? देवाने सगळा माल त्या गळ्यातच भरला आणि बाकीचा माणूस रिकामा सोडला.

२

आमच्या स्तोत्रांच्या पुस्तकांत काही ओळींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या आहेत. शत्रूचं अमुक मोडू दे, तमुक कुजू दे, असल्या मागण्यांच्या ओळी. सभ्य लोकांना प्रार्थनेत असलं ऐकवत नाही, म्हणून माझ्या आधीच्या प्रमुखाने त्या झाकल्या. झाकलेली ओळ सोडायची आणि पुढची घ्यायची, एवढा साधा नियम. मला तो भेकडपणा वाटायचा.

त्या बुधवारी खर्जाच्या हाती आलेल्या पुस्तकातला डिंक वाळून एक पट्टी गळून पडली होती. पुस्तकं कुणाची ठरलेली नाहीत. गठ्ठ्यातून जे येईल ते घ्यायचं. आमच्या रांगेची पाळी आली, मी पट्टी बघून पुढच्या ओळीकडे वळले आणि हा पठ्ठ्या खाली मान घालून झाकलेली ओळ एकटाच गायला लागला. दातांची ओळ. मी कोपर मारलं. कळलं नाही त्याला. मध्यावर थांबला. शिस्तीचा माणूस, चार मोजले त्याने.

आणि चौथ्या आकड्याला मी एक श्वास ऐकला.

पाचही जणांचा श्वास मला पाठ आहे. टपालवालीची शिट्टी वाजते, धाकटी जणू घेतच नाही. हा त्यांच्यातला कुणाचा नव्हता. खोल, स्वच्छ, पोटातून घेतलेला. मधल्या मोकळ्या फरशीवरून आला.

खर्जाने दुसरा अर्धा भाग गाऊन संपवला. शेवटच्या अक्षराला टपालवालीने तोंडावर हात नेला. हात खाली आला तेव्हा तिच्या पुस्तकाच्या उघड्या पानावर दोन दात पडलेले होते, मुळांसकट, आणि झग्याच्या छातीवर लाल लाळ ओघळत होती. ती ओरडली नाही. दातांकडे बघत राहिली, जणू कुणीतरी चुकीच्या पत्त्यावर आणून टाकलेत.

"किडले असतील," धाकटीचा नवरा नंतर म्हणाला.

"किडलेले दात असे पडतात होय?" टपालवाली फडक्यातून बोलली. "सकाळी ऊस सोलावा तसं पार्सलचं प्लास्टिक सोललंय मी या दातांनी."

खर्ज बिचारा पांढरा पडला होता. "ताई, मी भलतीच ओळ गायलो का?"

"गायलास."

"पण सुरात होतो ना?"

दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, झोपेत दात खाण्याची सवय असेल, मुळं हलली असतील. असेल. मीही तेच म्हटलं. टपालवाली मात्र परत आली नाही.

३

मला कुणी सांगितलेलं पटत नाही. स्वतः केलेलं पटतं. मंगळवारी दुपारी चर्चमध्ये कुणी नसताना मी माझ्या जागी उभी राहिले. एक झाकलेली ओळ पट्टीच्या कडेखालून वाचून पाठ केली आणि समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघून गायले. हाडांची ओळ. मध्ये थांबले. एक, दोन, तीन. माझा स्वतःचा आवाज परत आला, विरला.

चार. श्वास.

मी मान वर केली नाही. खाली फरशीवर बघितलं. काचेचा निळा उजेड पडला होता, त्यात नुसती धूळ. म्हटलं, म्हातारे, तुझेच कान वाजतायत. ओळ पुरी केली आणि दार लावून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी समोरचा बाक या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा चिरलेला. खर्जाने बोट फिरवलं.

"लाकूड वाळलं की फाटतं, ताई."

"सत्तर वर्षं वाळतंय. आजच बरं सुचलं त्याला?"

चिरेला नाक लावून त्याने वास घेतला आणि चटकन मागे सरला. काय वास आला ते मी विचारलं. त्याने बोट रुमालाला पुसलं.

४

झगे बदलायच्या खोलीत धाकटी नेहमी कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून झगा चढवायची. मी ते लाजणं समजत होते. त्या बुधवारी तिचा झगा बटणाला अडकला, सोडवायला मी गेले आणि कॉलर मागे ओढली गेली.

"हे काय?"

"कपाटाचं दार लागलं."

"कपाटाला पाच बोटं असतात?"

"ताई, हळू बोल. तो बाहेर आहे."

बाहेर तो पाळकसाहेबांशी हसत बोलत होता. हसणंसुद्धा सुरात.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दिवस कसले विचारतेस."

"मग माझ्याकडे राहायला ये. आजच ये."

"आले होते ना दोन वर्षांमागे? तो न्यायला आला, तू आत दूध तापवत होतीस. तुझ्या दारात उभं राहून त्याने माझी करंगळी मोडली. मी तुला सांगितलं, दारात चेमटली. तूच पट्टी बांधलीस."

माझ्या घरात. माझ्या दारात. मी दूध तापवत होते.

"फौजदाराकडे जाऊ."

"फौजदार रविवारी आमच्याकडेच पत्ते खेळतो." ती झगा नीट करत होती, जणू वाण्याच्या यादीबद्दल बोलत होती. "परवा म्हणाला, घरात गुणगुणू नकोस, डोकं उठतं. पुढच्या खेपेला गळाच दाबतो, मग बघू वरचा स्वर कुठून काढतेस. ताई, तो करेल. हात गळ्यापर्यंत येऊन गेलाच आहे, तू बघितलंस." मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "तू लक्ष घालू नकोस. तू लक्ष घातलंस की जास्त होतं."

मी काही कबूल केलं नाही.

५

पुढच्या बुधवारच्या स्तोत्राला दोन पट्ट्या होत्या, चौथ्या आणि नवव्या ओळीवर. मी किटलीत पाणी उकळलं, वाफेवर धरून नववीवरची पट्टी हलक्या हाताने सोडवली. गळ्याची ओळ. अहंकारी माणसाचा गळा कसा बंद व्हावा, त्याची मागणी. एक पुस्तक सोडवून भागणार नव्हतं. कोणतं कुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही. म्हणून सगळीच केली.

चौथीखालीही डोकावले. ती ओळ त्या माणसावर नव्हती. त्याच्या अख्ख्या घरादारावर होती, आणि त्या घरात माझी बहीण. ती पट्टी मी नीट दाबून परत बसवली. तेवढी काळजी घेतली मी.

राहिलं मोजणं. चाळीस वर्षं माझं एकच गणित आहे: विषम आकडा आमच्या रांगेचा, सम समोरच्या. नऊ विषम. म्हणजे आमची रांग गाणार आणि समोरच्याला लागणार. समोर फक्त तो हवा.

तालमीला मी म्हटलं, "जावईबापू, टपालवाली गेली, दोन्हीकडे आवाज विस्कटतायत. धाकटीला मी माझ्या रांगेत घेते. समोरून तुम्ही एकटे गा. तुमच्या आवाजाला सोबत कशाला हवी?"

फुलून आला. "एकट्याने पूर्ण रांग?"

"दुसऱ्या कुणाला मी सांगितलं नसतं."

"ताई, हे तुम्ही दहा वर्षांपूर्वी ओळखायला हवं होतं."

"खरंय," मी म्हटलं. "दहा वर्षं उशीरच झाला."

धाकटी पुस्तक चाळत होती. तिचं बोट एका पानावर थांबलं, डिंकाचा डाग राहतो तिथे. तिने वर बघितलं नाही. पान उलटलं.

६

बुधवारी ऊन चांगलं होतं. फरशी तांबडी-निळी झाली होती. पाळकसाहेबांनी प्रार्थना म्हटली, चार माणसं खोकून गप्प झाली, आणि मी सूर दिला.

पहिली ओळ आमची. खर्ज खाली, मी मध्ये, धाकटी वर. चाळीस वर्षांत माझ्या शेजारी ती पहिल्यांदाच उभी होती. दुसरी त्याची. खोटं बोलणार नाही, काय गायला तो! एकटा उभा, हात बांधलेले, आणि आवाज असा की पहिल्या बाकावरची झोपलेली बाई जागी झाली आणि तिने डोळे पुसले. त्याच तोंडाने तो घरी काय बोलत असेल ते मी मनाशी धरून ठेवलं, नाहीतर मी विरघळले असते.

तिसरी आमची. चौथीवर पट्टी, सोडली. पाचवी त्याने उचलली. आता प्रत्येक थांब्याला तो श्वास ऐकू येत होता, प्रत्येक वेळी थोडा मोठा. मेणबत्त्या मधल्या फरशीकडे झुकत होत्या आणि परत सरळ होत होत्या. खर्जाच्या कपाळावरून घाम पुस्तकात गळत होता. मला भीती वाटत नव्हती. मला घाई झाली होती.

मी पाठ गात होते, नजर त्याच्या गळ्यावर. आमची ओळ संपत आली आणि पुढच्या वेळची नववी नीट बघून ठेवावी म्हणून मी खाली पाहिलं.

माझ्या बोटाखाली आठ होता.

आठवी आम्ही गात होतो. सम आकडा, आणि आम्ही गात होतो. चौथी सोडली तिथून पाळी उलटली होती. पाचवी त्याची झाली, सहावी आमची, सातवी त्याची. चाळीस वर्षं लोकांना मोजायला शिकवलं, आणि जी ओळ बहिणीला वाचवायला झाकून ठेवली तीच मोजायची राहिली. नववी त्याची होती. आणि त्याच्या समोर मी धाकटीला स्वतःच्या हाताने आणून उभी केली होती.

मी तोंड उघडेपर्यंत त्याने सुरुवात केली होती. त्याच्या पुस्तकात पट्टी नव्हती. पट्टी मीच काढली होती. ओळ नवी दिसली म्हणून त्याने भुवया किंचित उचलल्या, आणि मग तिच्याकडे बघत, माझ्या बहिणीच्या गळ्याकडे बघत, पहिला अर्धा भाग असा गोड गायला की जणू भेट देतोय. मध्य आला. तो थांबला.

एक. मी रांग सोडली. चाळीस वर्षांत कधी सोडली नव्हती.

दोन. मी मधल्या फरशीवर होते. तिथे गारवा नव्हता, असतो म्हणतात तसा. तिथे ऊब होती, गर्दीत दुसऱ्याच्या अंगाची लागते तशी. माझ्या डाव्या हाताला, अगदी लागून, एक पांढरी छाती वर येत होती. खांदे स्थिर. मी शिकवते तसा श्वास. खांद्यांच्या वर काय होतं ते मी बघितलं नाही. मी म्हातारी आहे, मूर्ख नाही.

तीन. पितळी कोपऱ्यांचं जाड पुस्तक मी दोन्ही हातांनी उचललं आणि धाकटीच्या नवऱ्याच्या तोंडावर मारलं. ओठ फाटला. पुन्हा मारलं. नाक मोडल्याचा आवाज छतापर्यंत गेला आणि आमच्या सुरांसारखाच परत आला. तो मागे चिरलेल्या बाकावर पडला, मी त्याच्या अंगावर, आणि माझी मूठ त्याच्या तोंडात कोंबली, मनगटापर्यंत. तो चावला. चावू दे. गाऊ नकोस म्हणजे झालं.

चार. आम्ही दोघंही गप्प होतो.

आणि माझ्या पाठीमागून ओळीचा दुसरा अर्धा भाग सुरू झाला. वर, खूप वर, पाण्यावरून ऊन सरकावं तसा. मी मान वळवली. धाकटी एकटी गात होती. पुस्तक मिटलेलं होतं. ती समोर बघत होती, आमच्या दोघांकडे.

त्याची टाच फरशीवर आपटायला लागली. माझ्या मुठीच्या मागे त्याचा गळा दारासारखा मिटत होता, ते मला बोटांना कळत होतं. त्याने स्वतःच्या मानेवर नखं ओढली, कातडीच्या लालभडक रेघा निघाल्या, डोळे पांढरे झाले, तोंड निळं. मग माझ्याही गळ्यात आतून कुणीतरी हात घातला. मी ओरडायला गेले, नुसती शिट्टी आली. धाकटीने शेवटचं अक्षर धरलं होतं. ते लांबवायचं असतं, पण इतकं नाही. तिने ते धरलं, धरलं, त्याची टाच थांबेपर्यंत धरलं. मग माझ्याकडे बघत आणखी थोडं.

७

डॉक्टर म्हणाले, घशाला एकाएकी सूज, काहीतरी हुंगण्यात आलं असेल, मेणबत्तीत हल्ली काय काय घालतात. तो जागेवर गेला. मी वाचले. पाळकसाहेबांनी जबाब दिला की त्याला झटका आला आणि ताई धरायला धावल्या. पहिल्या बाकावरच्या चौघांनीही तेच सांगितलं. खर्ज भेटायला आला, स्टुलावर बसून टोपी फिरवत राहिला. "मी माझ्या पुस्तकातच बघत होतो, ताई," म्हणाला. मी विचारलं नव्हतं. मला विचारता येतच नाही. गळ्यातून पातळ तेवढं उतरतं आणि वर काही येत नाही.

धाकटी माझ्याकडेच राहते आता. सकाळी माझे केस विंचरते, चमच्याने दूध पाजते. मानेवरचे डाग गेले. घरभर गुणगुणते. ते ऐकून पहिल्या दिवशी मी रडले, आनंदानेच.

दहाव्या दिवशी मी कागदावर लिहिलं: "मी समोर आहे हे बघून गायलीस?"

तिने वाचलं. कंगव्यातले केस काढले, गुंडाळले.

"ओळ अर्धी सोडायची नाही, हे तूच शिकवलंस ना?"

मी लिहिलं: "हे उत्तर नाही."

"तू वाफेवर पट्ट्या काढल्यास, तेव्हा मला विचारलंस? मला उचलून तुझ्या रांगेत ठेवलंस, तेव्हा?" आवाज चढवला नाही तिने, कधी चढवत नाही. "तीन वर्षांची होते तेव्हापासून तू म्हणशील तिथे उभी राहिले, ताई. मग तो म्हणेल तिथे. त्या दिवशी तुम्ही दोघं पहिल्यांदा एकत्र दिसलात मला, एकाच बाजूला."

मग तिने चमचा पुढे केला, मी तोंड उघडलं.

गायकवृंदाची प्रमुख आता ती आहे. पाळकसाहेब सांगून गेले, गाणं कधी नव्हतं इतकं सुंदर होतं, बाक भरायला लागलेत. काल संध्याकाळी तिने पुस्तकांचा गठ्ठा घरी आणला. स्वयंपाकघरात किटली बराच वेळ वाजत होती. मी आतून ऐकत होते. झोपताना ती माझ्या पायांवर पांघरूण घालायला आली.

"बुधवारी येशील ना? नुसती उभी राहा. समोरच्या रांगेत कुणीच नसतं, बरं दिसत नाही."

मी मान हलवली. आज सकाळीच झग्याला इस्त्री केली. कॉलर कडक केली, मला ढिली कॉलर खपत नाही. तिच्यावर माझा राग नाही असं नाही, आहे. भीतीही आहे, ती आता लपवत नाही. पण पोरीला मी वाढवलंय. तिला माझ्याबद्दल काय गायचं असेल ते आधी पट्टीखाली डोकावून वाचायचं नाही मला. समोर उभी राहून ऐकणार आहे.